लाकडी चर्चमधली राख

पुंडलिक मोकल याने आयुष्यात एकच मोठी लबाडी केली, आणि तीही स्वतःसाठी नाही. पण खेकड्याच्या बिळातून खाडीचं पाणी बांधात शिरतं आणि हळूहळू सगळं शेत खारवून टाकतं, तशी ती लबाडी चार वर्षं त्याच्या आत झिरपत राहिली.

त्याचं गाव पेण तालुक्यातलं, जिते स्टेशनच्या खालच्या अंगाला. एका बाजूला रेल्वेचा रूळ, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये भाताची खाचरं आणि जिथे पूर्वी मिठागरं होती ती पांढरट, उघडी जमीन. त्या मिठागरांत पुंडलिक आणि कमळाकर घरत ही दोन पोरं एकत्र वाढली. मीठ धरायच्या आधी आगराची जमीन पायांनी तुडवून फरशीसारखी घट्ट करायची असते. माणसं एका ओळीत उभी राहतात, एका तालात पाय आपटतात, आणि ओळीत ज्याच्या शेजारी उभं राहायचं तो माणूस सहसा बदलत नाही. पुंडलिकच्या डाव्या हाताला नेहमी कमळाकर असायचा.

मिठागरं बंद पडली. पुंडलिक रोह्याच्या एका कंपनीत फिटर म्हणून लागला. मोटरसायकलवरून जायचा, तीन शिफ्टांत राबायचा. कमळाकरने लाकूडकाम धरलं. तो उघाड्या करायचा. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधात बसवलेलं लाकडी दार. ओहोटीला ते शेतातलं पाणी बाहेर सोडतं आणि भरतीला खारं पाणी आत येऊ देत नाही. कमळाकरच्या उघाडीला खिळा नसे. खाऱ्या पाण्यात लोखंड दोन वर्षं टिकत नाही, म्हणून फळी फळीत अशी अडकवायची की पाण्याच्या दाबानेच ती घट्ट व्हावी. आसपासच्या बारा गावांत असं काम करणारा दुसरा माणूस नव्हता, आणि ते त्याला स्वतःला चांगलं माहीत होतं.

मग उघाड्याही सिमेंटच्या आणि लोखंडी झडपांच्या झाल्या.

दोन हजार एकोणीस साली पुंडलिकला कझाकस्तानातल्या एका कोळशाच्या खाणीवर कंत्राटी काम मिळालं. कोळसा वाहणारे लांबच लांब पट्टे असतात, त्यांची दुरुस्ती. आणखी एक माणूस हवा होता. तो कमळाकरच्या पडवीत जाऊन बसला.

"चल माझ्यासंगं."

"मला काय लोखंडातलं कळतं?"

"मी शिकवतो. हितं बसून काय करशील? तुझ्या उघाड्या आता कोण मागतो? पाट-पोळपाट करून इकणार हाईस पेणच्या बाजारात?"

कमळाकरची बायको सगुणा आत भाकऱ्या थापत होती. ती आतूनच म्हणाली, "भावजी, त्यांला थंडी बाधते हो."

"वहिनी, कंपनी कोट देते. हत्तीला पुरंल एवढा."

ती हसली. कमळाकरही हसला. आणि गेला.

खाणीजवळच्या त्या गावाचं वर्णन पुंडलिक अजूनही करतो. खाणीतून काढलेल्या मातीचे काळे डोंगर, त्यांच्यावर बर्फ, आणि सगळ्या घरांना एकाच धुराचा वास. रविवारी सुट्टी असे. कँपातली माणसं पत्ते कुटत नाहीतर झोपत. हे दोघे चालायला निघत. तिसऱ्या की चौथ्या रविवारी त्यांना टेकडीच्या कडेला ते चर्च दिसलं.

आपल्याकडे अलिबाग-रेवदंड्याला चर्च आहेत, पण ती दगडा-चुन्याची. हे सगळं लाकडाचं होतं. सव्वाशे वर्षांपूर्वी पहिल्या खाणकामगारांनी बांधलेलं, रशियन ऑर्थोडॉक्स पंथाचं. खाणीचं छत पेलायला जे ओंडके जमिनीखाली जायचे, त्यांतलाच एकेक ओंडका प्रत्येक कामगाराने दिलेला. वर कांद्यासारखा घुमट, आणि त्यावर लाकडाच्या छोट्या छोट्या चिपा बोईट माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक बसवलेल्या. उन्हापावसाने त्यांचा रंग चांदीसारखा झाला होता.

कमळाकर आधी आत गेलाच नाही. बाहेरच कोपऱ्यापाशी उभा राहिला. हातमोजा काढला आणि जिथे दोन ओंडके एकमेकांत अडकतात त्या सांध्यावर बोटं फिरवू लागला.

"पुंडल्या, खिळा नाय रं."

"हात आत घाल, झडून पडंल."

"एक खिळा नाय. वरचं वजन जेवढं वाढंल, तेवढा सांधा आवळत जाईल. आपलंच काम हाय हे. ही माणसं आपल्यासारखीच हायत."

मग दारात त्याने बूट काढले. देवळात जाताना आपण काढतोच. नुसत्या मोज्यांनी तो आत शिरला आणि आतून एक म्हातारी ओरडत धावून आली. तिचं नाव वेरा. नवरा आणि भाऊ दोघेही खाणीत मेलेले, आणि आता ती त्या चर्चची झाडलोट करायची, भट्टी पेटवायची. बाहेर उणे वीस, आणि हा माणूस थंड फळ्यांवर मोज्यांनी उभा. तिने त्याला दंडाला धरून भट्टीपाशी नेलं, बूट आणून पायाशी आपटले आणि हातवारे करून काहीतरी बोलली. "गाढवा" असंच म्हणाली असेल, असं पुंडलिक सांगतो. कमळाकरने बूट घातले नाहीत. तिने लोकरी जाड मोजे आणून दिले, ते घातले. तिथून पुढे दर रविवारी त्याची जागा ठरली. तो वेरासाठी भूर्जाची लाकडं फोडायचा आणि भट्टीत सारायचा. कोळशाच्या गावात असूनही तिथे लाकूडच जाळत, कारण कोळशाच्या काजळीने भिंतीवरच्या देवांच्या तसबिरी काळ्या पडतात. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. कमळाकर तिच्याशी आगरीत बोलायचा, ती त्याच्याशी रशियनमध्ये, आणि दोघं एकमेकांना उत्तरं देत.

पुढच्या उन्हाळ्यात कोविड आला. आधी पुंडलिकला ताप, मग कमळाकरला. पुंडलिक कँपातल्या खोलीत कोंडलेला, कमळाकर इस्पितळात. सहाव्या दिवशी कमळाकर गेला. त्या गावात दहनाची सोय नव्हती, विमानं बंद होती, आणि नियम असा की दुसऱ्या दिवसाच्या आत पुरायचं. ताब्यात घ्यायला माणूस नव्हता. वेरा पुढे झाली. चर्चच्या मागे खाणकामगारांचं स्मशान आहे, त्याच्या कडेला तिने जागा मागून घेतली. पुंडलिक उठून चालायला लागला तेव्हा तिने त्याला तिथे नेलं. मातीचा एक लांबट ढीग. त्यावर गवत उगवायला सुरुवातसुद्धा झाली होती.

त्या संध्याकाळी सगुणाचा फोन आला. आवाज गेलेला, कोरडा.

"भावजी, अग्नी कोणी दिला?"

पुंडलिकला खरं सांगायचं होतं. पण आपल्या माणसाला परक्या माणसांनी पिशवीत गुंडाळून मातीत घातलं, आणि आपण शंभर पावलांवर असून उठू शकलो नाही, हे तोंडातून निघेना. तो म्हणाला, "मी दिला."

"बरं झालं," ती म्हणाली. "अस्थी आणा."

एका खोट्यापाठी दुसरं आलं. ऑक्टोबरात परतीचं विमान मिळालं, तेव्हा पुंडलिक बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन चर्चमध्ये गेला. माती न्यावी असं आधी मनात आलं, पण माती ही मातीच दिसणार. मग त्याने भट्टीचं दार उघडलं. ही लाकडं त्याच्या हातून फोडलेली, ही राख त्याने ढवळलेली, म्हणजे हीत तो थोडा तरी असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. राख तो फडक्यातून चाळू लागला. वेरा जवळ आली. तिने फडक्याचं दुसरं टोक धरलं.

गावात दहावं-बारावं उशिरा झालं, पण रीतीने झालं. भरतीच्या वेळी खाडीवर सगळे जमले. डबा उघडल्यावर सगुणाने आत हात घातला, चिमूटभर राख दोन बोटांत चोळली आणि हात मागे घेतला. मग ऋतुजाने, कमळाकरच्या एकुलत्या एक पोरीने, गुडघाभर पाण्यात उभं राहून ती राख सोडली. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. "बाबा, बाबा," करत रडत होती, आणि मागे बांधावर उभ्या असलेल्या पुंडलिकच्या डोळ्यांत थेंब येत नव्हता. आपल्याला रडायचा हक्क उरला नाही असं त्याला वाटलं, ते तिथपासून.

त्यानंतर त्याने कंपनीचं तोंड पाहिलं नाही. स्वतःचं आणि सगुणाचं, दोन्ही शेतं तोच कसू लागला. तिच्या घराची कौलं फिरव, पंप दुरुस्त कर, ऋतुजाला कॉलेजच्या प्रवेशासाठी पेणला ने. कामाला हजर, पण त्या घरात पाण्याखेरीज काही घेत नसे. सगुणा म्हणायची, "भावजी, चहा तरी?" तो म्हणायचा, "पोटात जळजळतं." लोक म्हणत, मित्र असावा तर असा. ते ऐकलं की तो उठून जायचा.

यंदा ऋतुजाचं लग्न ठरलं. मुलगा रोह्याचा, प्रणित. ऋतुजाने स्वतःच सांगितलं, "बाबांच्या जागी पाटावर पुंडलिककाका बसतील." पुंडलिकने मान हलवली. होकार होता की नकार, ते कुणी नीट पाहिलं नाही.

लग्नाला दीड महिना असताना बायजाबाई धवलारीण सगुणाच्या पडवीत आली. धवलारीण म्हणजे लग्नात धवले गाणारी बाई. त्यांच्या गावात अशी रीत आहे की हळदीच्या दिवशी ती घरातल्या गेलेल्या माणसांना गाण्यातून बोलावते. नुसतं नाव घेऊन नाही, तर ज्या जागी त्यांचा देह संपला ती जागा सांगून. तिथून उठा आणि मांडवात या, असं. जागा चुकली तर बोलावणं पोचत नाही. म्हणून ती आधी येऊन विचारून घेते.

"सासरा तुझा खालच्या मसणातला. सासू तितलीच," बायजाबाई बोटांवर मोजत म्हणाली. "दीर दर्यात बुडला, त्याला दर्यातून बोलवते. आता कमळाकरला कुठून बोलवू गो?"

"खाडीतून, आजी," ऋतुजा म्हणाली. "अस्थी खाडीत सोडल्या ना."

पुंडलिक उंबऱ्याजवळ मांडवाचे बांबू मोजत होता. सगुणाने हळकुंडं निवडता निवडता मान वर न करता म्हटलं, "पुंडलिकभावजींना इचार."

"त्याला काय इचारू? तो काय भटजी हाय?"

"इचार तर."

बायजाबाईने चष्म्यावरून पाहिलं. "काय रं पुंडलिका? कुठून बोलवू तुझ्या मित्राला?"

पुंडलिकने हातातला बांबू खाली ठेवला. मग तो उंबऱ्यातच बसला आणि त्याने सगळं सांगितलं. भट्टी, फडकं, डबा, सगळं. संपल्यावर बायजाबाई एवढंच म्हणाली, "अरं देवा."

ऋतुजा उभी होती. तिने आईकडे पाहिलं. आई हळकुंडंच निवडत होती.

"तुला ठाऊक होतं?"

"जन्मभर चूल पेटवली मी," सगुणा म्हणाली. "लाकडाची राख मला कळत नाय व्हय? हाडाचा एक खडा नव्हता त्यात."

"मग मला का सोडू दिली?"

"पोरी, तुला रडायला काहीतरी हवं होतं."

ऋतुजा आत निघून गेली. सगुणाने सूप बाजूला ठेवलं आणि चार वर्षांत पहिल्यांदा पुंडलिकच्या नजरेला नजर देऊन म्हणाली, "मला तिथं न्या. आमंत्रण मी स्वतः देईन."

जाण्याची सगळी जुळवाजुळव ऋतुजानेच मोबाईलवर केली, पुंडलिकशी एक शब्द न बोलता. एप्रिलच्या शेवटी तिघं निघाली. सगुणाच्या पिशवीत हळदीच्या अक्षता, सुपाऱ्या आणि पत्रिका होती. विमान, मग लांब पल्ल्याची गाडी, मग बस. बर्फ वितळून रस्त्यांचा चिखल झाला होता. वाटेत सगुणाने एकदाच विचारलं, "एवढं लांब आलेत हे, चालताना कधी दमत नव्हते?" पुंडलिक म्हणाला, "मला दमवायचा, वहिनी."

चर्च तसंच होतं. सगुणा कोपऱ्यापाशी थांबली नाही, सांधे पाहिले नाहीत. ते वेड तिच्या नवऱ्याचं होतं, तिचं नव्हतं. ती सरळ दाराशी गेली, चपला काढल्या, पदर डोक्यावरून घेतला आणि अनवाणी आत शिरली.

आत अंधूक होतं. बसायला बाकं नव्हती. वाळूच्या परातीत बारीक मेणबत्त्या जळत होत्या आणि भिंतीवरचे संत तपकिरी चेहऱ्यांनी पाहत होते. वेरा मेण खरवडत होती. आणखी म्हातारी झाली होती, पाठीत वाकली होती. तिने आधी पुंडलिकला पाहिलं नाहीच. तिने फळ्यांवरचे ते अनवाणी पाय पाहिले, आणि हातातली सुरी खाली ठेवली. मग ती चालत आली आणि सगुणाचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

ऋतुजाने मोबाईल पुढे केला. वेरा बोलली ते मोबाईलने हिंदीत सांगितलं, ऋतुजाने आईला मराठीत. वेरा म्हणत होती की रविवारी पाद्री मेलेल्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या वाचतो, पण त्यांत दुसऱ्या धर्माचं नाव चालत नाही. म्हणून सगळे घरी गेल्यावर भट्टीपाशी उभं राहून ती स्वतः मोठ्याने म्हणते. तिने म्हणून दाखवलं: "कमळाकर." उच्चार अगदी स्वच्छ होता. चार वर्षं घोटलेला.

ऋतुजा तिथेच खाली बसली. तिला उठवायला पुंडलिक पुढे झाला तर तिने हात झिडकारला.

मग वेरा त्यांना मागे घेऊन गेली. तिच्या हातात झाकलेला वाडगा होता. कमळाकरच्या जागेवर लाकडाचा एक साधा खांब होता, क्रूस नव्हता. वेरा म्हणाली, तो आमच्या देवाचा नव्हता, न विचारता त्याच्यावर क्रूस कसा ठेवू? तिने वाडग्यावरचं झाकण काढलं. आत मध घातलेला, मनुका घातलेला शिजवलेला भात होता. त्यांच्यात मेलेल्या माणसासाठी तो ठेवतात. सगुणाने तो भात पाहिला, आणि मोबाईलची गरज उरली नाही. दोघींनी मिळून तो खांबाशी ठेवला.

सगुणा खाली बसली. जमीन ओली होती, लुगडं भिजलं. तिने अक्षता घेतल्या.

"अवो," ती म्हणाली, "घरी होता तवा माझ्याशी बोलायला तुमाला येळ नव्हता. लाकूड आणि तुमी. आता आयका. पोरीचं लगीन हाय. पोरगा रोह्याचा, प्रणित नाव. दारू पीत नाय, निदान पीत नाय असं म्हणतो. पेणवरनं मांडव आणलाय. तुमची आई जशी म्हणायची तशी जेवणात वालाची भाजी हाय. या. कोट घालून या, न्हायतर परत थंडी बाधंल." मग ती खांबाला डोकं लावून रडली. वाऱ्याने पदर आवरत नव्हता. ऋतुजाने तो मागून धरून ठेवला.

पुंडलिक दहा पावलांवर उभा होता. बऱ्याच वेळाने सगुणा उठली, त्याच्यापाशी आली.

"चार वर्षं मी खाडीकडं तोंड करून त्यांच्याशी बोलत होते, भावजी. तिकडं कोणच नव्हतं."

"वहिनी, तुम्हाला तर कळलं होतं..."

"राख खोटी हे कळलं होतं. माणूस कुठं हाय ते नव्हतं कळलं."

पुंडलिक मागे वळला. त्याने चर्चच्या भिंतीला हात टेकला आणि तिथे, त्या ओंडक्यांशी उभं राहून, तो रडला. ओरडून, मिठागरातल्या पोरासारखा. सगुणा त्याला गप्प करायला गेली नाही, आणि सोडूनही गेली नाही.

निघताना बसच्या थांब्यावर ऋतुजा प्रथमच त्याच्याशी बोलली. शांतपणे, चिखलाकडे पाहत.

"काका, पाटावर मामा बसेल."

मामा म्हणजे सगुणाचा भाऊ काळुराम, खांब गावचा. पुंडलिक म्हणाला, "बरोबर हाय, बाय." सगुणा मध्ये पडली नाही. पोरीच्या हातून जे पाण्यात सोडवलं गेलं होतं, त्याचा हिशेब पोरीचाच होता. आई त्यात वाटेकरी होती, म्हणून तिला बोलता येईना.

हळदीच्या सकाळी मांडव भरला. बायजाबाईने धवला उचलला, सासऱ्याला बोलावलं, सासूला बोलावलं, दर्यातून दिराला बोलावलं. मग श्वास घेतला आणि गाऊ लागली की सात डोंगरांपलीकडं, बर्फाच्या मुलखात, काळ्या कोळशाच्या गावाला, लाकडाच्या देवळाच्या पाठी जो कमळाकर निजलाय, त्यानं उठावं. बायकांनी तिच्या मागून ओळ धरली. तो मुलूख त्यांच्यातल्या कुणी पाहिला नव्हता, पण ओळ कुणी चुकली नाही. काळुराम पाटावर बसला होता. सगुणा दाराकडे पाहत होती.

पुंडलिक मांडवात नव्हता. मागच्या अंगणात भाताच्या टोपापाशी उभा राहून तो वाफ तोंडावर घेत ऐकत होता.

दुपारी पंगत बसली. भात वाढायला तोच होता. एकेक पान करत तो ऋतुजापाशी आला आणि थांबला. तिने पानावर हात आडवा धरला नाही. भात घेतला. मान मात्र वर केली नाही, आणि तो पुढच्या पानाकडे गेला.